फुगलेली बॅटरी आणि आरोहीचा धवला

समीक्षा शाळेतून घरी आली तेव्हा शालनआत्याने फोनवर वरवंटा ठेवला होता.

वरवंटा म्हणजे तोच, पाट्यावरचा, काळाकुळकुळीत दगडी, ज्याच्यापुढे सुक्या मिरच्यांचीही बोलती बंद व्हायची. त्याच्याखाली फोन. फोनला आडवे-उभे रबरबँड. आणि शेजारी आत्या मांडी घालून, उन्हात पापड राखायला बसल्यासारखी निवांत.

"आत्या! हे काय चाललंय?"

"बसवतंय त्याला," आत्या म्हणाली. "फुगलाय. पाठ बग कशी वर आलीय. जरा दाब परला का बसंल खाली."

समीक्षाने दप्तर तिथेच टाकलं. दोन्ही हातांनी वरवंटा उचलून बाजूला ठेवला, रबरबँड एकेक करून असे काढले की जणू खाली कोंबडीचं अंडं आहे, आणि फोन बंद करून टाकला. मग तो ओट्यावरच्या उघड्या दगडावर, पडद्यापासून आणि शेगडीपासून लांब नेऊन ठेवला. हे सगळं होईपर्यंत तिने श्वास घेतला नव्हता. आता घेतला.

"फोन नाही गं फुगला. आतली बॅटरी फुगलीय. तिच्यात गॅस झालाय."

"गॅस त मनापन होतो."

"मग तुझ्यावर कोणी वरवंटा ठेवतं का?"

आत्या हसायला लागली. समीक्षा मात्र हसली नाही. तिला खरंच घाम फुटला होता. दाबाने ती बॅटरी आत फाटली असती तर धूर, जाळ, सगळंच झालं असतं, आणि आत्या तर तिथे नाक खुपसून बसलेली!

हे समीक्षाला कसं माहीत? तर त्याचीही एक गोष्ट आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत अग्निशमन दलाची माणसं आली होती. त्यांनी मैदानावर आग लावून विझवून दाखवली, फुगलेल्या बॅटऱ्यांचे फोटो दाखवले, दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका म्हणून बजावलं, आणि शेवटी माइक पुढे करून विचारलं, "कोणाला काही प्रश्न?" सगळी शाळा गप्प. आणि मग एक हात वर गेला. समीक्षाने मान वळवून बघितलं की कोणाचा हात आहे, तर तो तिचाच! ही तीच समीक्षा, जी दुकानात आईच्या मागे उभी राहून आईच्या कानात सांगायची की निळं पेन हवंय. तिने माइकवर विचारलं, "सर, फुगलेली बॅटरी बदलून घेतली की जुनी कुठे टाकायची?" साहेब म्हणाले, "शाब्बास. हा प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी काय जादू केली कोण जाणे, पण त्या दिवसापासून समीक्षाचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. रिक्षावाल्याशी बोलते, वॉचमनशी बोलते, मुख्याध्यापिकांना थांबवून बोलते. आई म्हणते, "आधी हिला बोलतं करायला नवस बोलले होते, आता गप्प करायला बोलायला लागेल."

तर अशी समीक्षा. आणि तिची ही शालनआत्या.

खारी गावात शालनआत्या कोण हे सांगायला लागत नाही, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्या धवलारीण आहे. आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवले लागतात, आणि ते गाते ती धवलारीण. आता खारीच्या चारी बाजूंना टॉवर उभे राहिलेत, हळदीला डीजे येतो, पण आत्याचा आवाज लागला की डीजेवालासुद्धा हेडफोन काढून बसतो. आत्याची खासियत म्हणजे नावं. ती दर लग्नाला नवा धवला बांधते आणि त्यात दोन्ही घरच्या माणसांची नावं गुंफते. आई-बाप, चुलते, मामा, आत्या, थोरली जाऊ, गेलेले आजे-पणजेसुद्धा. नाव सुटलं तर तो माणूस रुसलाच समजा. एका लग्नात दुसऱ्या कोणा धवलारणीने नवऱ्या मुलाच्या मामाचं नाव गाळलं, तर मामा जेवले नाहीत, आणि मांडवात सगळ्या मंडळींना त्यांच्या विनवण्या कराव्या लागल्या. आत्याच्या धवल्यात आजवर कोणी सुटलेलं नाही. हा तिचा मान.

आणि आता रविवारी आरोहीताईचं लग्न. आरोहीताई म्हणजे थोरल्या काकांची मुलगी, समीक्षाच्या चुलत घरातली पहिली नवरी, काशीगावात चाललेली. शनिवारी हळद. आज गुरुवार.

"मग काय, बंदच ठेवायचा काय त्याला?" आत्याने विचारलं.

"हो. नवी बॅटरी बसेपर्यंत चालूही करायचा नाही."

आत्याचं हसू विरलं. तिने ओट्यावरच्या फोनकडे बघितलं, मग समीक्षाकडे.

"पोरी, आरोहीचा धवला त्यातच हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी त्यातच हाय. मी वहीत कधी लिवलं काय? लिवाया बसलं का गानं पलून जातं. मासली कापताना सुचलं, का लगेच बटन दाबून बोलायचं. महिनाभर बोलतंय मी. काशीगावच्यांची सगली नावं त्यांच्या म्हातारीनं फोनवर सांगली, ती पन त्यातच. अर्धा झालाय, अर्धा बाकी हाय."

"पण तुला पाठ असेल ना थोडा?"

आत्याने तोंड उघडलं. एक ओळ आली, दुसरी आली, तिसऱ्या ओळीत काशीगावच्या चुलत्याच्या जागी चुकून खारीचाच चुलता आला. आत्या थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. एरवी तिने ते हसून सोडून दिलं असतं, पण आता तिने पदराने तोंड पुसलं, आणि समीक्षाला कळलं की आत्या घाबरलीय. आत्या! जिला तिने आजवर कशालाच घाबरताना बघितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर फोन बिचारा कधीपासून ओरडून सांगत होता. पाऊण बॅटरी दाखवायचा आणि बोलता बोलता मिटायचा. हातात धरला की चहाच्या पेल्यासारखा गरम. दिवसभर चार्जरला लावलेला, तरी भूक भागायची नाही. पण आत्याचं उत्तर ठरलेलं, "चालतंय ना? मग चालू दे." आणि समीक्षाने बॅकअप घेऊ या म्हटलं की मेमरी भरलेली, कारण सगळ्या गावाने पाठवलेली फुलं, सूर्य आणि सुप्रभात आत्या पुसायची नाही. "लोकांनी इतक्या मायेनं पाठवलंय, कसं पुसू?"

तेवढ्यात कौस्तुभदादा आला. कौस्तुभदादा म्हणजे आरोहीताईचा धाकटा भाऊ, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि तिसरं वर्ष त्याच्या बोलण्यात जरा जास्तच दिसतं. त्याने लांबूनच फोन बघितला आणि निकाल दिला.

"स्क्रॅप. नवा घ्या. लग्नानंतर मी बघतो डील."

"लग्नानंतर चालणार नाही," समीक्षा म्हणाली. "धवला आत आहे."

"मग सोप्पंय. अर्धा तास चार्जिंगला लावू, चालू करू, रेकॉर्डिंग माझ्या फोनवर घेऊ, मग दे टाकून."

"फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दादा."

"अगं अर्धा तास!"

"दोन मिनिटंसुद्धा नाही. तिच्यावर आज वरवंटा होता."

"वरवंटा?" दादाने आत्याकडे बघितलं. आत्याने पंख्याकडे बघितलं.

"तू नववीतली, आणि मला बॅटरी शिकवतेस?"

आधीची समीक्षा असती तर इथेच संपलं असतं. तिने मान खाली घातली असती, दादाने चार्जर लावला असता. पण आता ती ओट्याच्या आणि दादाच्या मधे जाऊन उभी राहिली, हात कमरेवर.

"शिकवत नाहीये. अडवतेय. आधी बॅटरी बदलायची, मग फोन चालू करायचा, आणि मग पहिलं काम म्हणजे धवला बाहेर काढायचा. ह्याच क्रमाने. आणि आजच."

"आणि दुकानवाल्याने सगळं उडवलं तर? तेव्हा तू गाणार धवला?"

हा बाण मात्र बरोबर लागला. समीक्षाच्या आईने, नीलिमाने, आतून कुकर उतरवत आवाज दिला, "शालनताई, फोन तुमचा आहे. तुम्ही सांगा."

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याने जरा वेळ समीक्षाचे कमरेवरचे हात बघितले.

"ही बोलते तसं," ती म्हणाली. "चल पोरी. चपला घाल."

ऊर भरून येणं म्हणजे काय हे समीक्षाला त्या क्षणी कळलं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तिने आधी फोन लावला, आईच्या मोबाइलवरून. तिथल्या ताई फार गोड बोलल्या. बॅटरी अस्सल मिळेल, पण सेट तीन दिवस ठेवावा लागेल, रविवारी बंद म्हणून सोमवारी मिळेल, आणि डेटा पुसला जाऊ शकतो यावर सही करावी लागेल. एरवी समीक्षाने हाच रस्ता धरला असता. पण रविवारच्या लग्नाचा धवला सोमवारी मिळून काय उपयोग? तो रस्ता बंद.

मग फोन स्टीलच्या डब्यात, खाली सुती फडकं, झाकण उघडं, आईचा मोबाइल समीक्षाच्या खिशात, अशी वरात रिक्षाने स्टेशनकडे निघाली. आत्याने डबा मांडीवर असा धरला होता की रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "मावशी, मोदक आहेत काय?"

"हाय ना," आत्या म्हणाली. "पन खाल्लास त तोंड जलंल."

स्टेशनबाहेर फुटपाथवर टेबल मांडून एकजण बसला होता. टेबलावर मोबाइलचे सुटे अवयव, वर छत्री. त्याने डब्यातला फोन बघितला आणि चहा पीतपीतच म्हणाला, "दस मिनट. नया बैटरी, एकदम ओरिजिनल." आणि ड्रॉवरमधून एक बॅटरी काढली. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, काहीच नाही. पांढऱ्या कागदावर पेनाने काहीतरी गिरवलेलं.

आत्या खूश झाली. "धा मिन्टं! घे, दे त्याला."

पण समीक्षाच्या डोक्यात तिचाच प्रश्न आला, शाळेतला, टाळ्यांचा.

"भैया, पुरानी बैटरी का क्या करोगे?"

"क्या करेंगे? फेंक देंगे." त्याने पायाने टेबलाखालचा पुठ्ठ्याचा खोका दाखवला. त्यात कागद, चहाचे कप, तुटक्या वायरी आणि एक विझलेली उदबत्ती.

समीक्षाने डबा उचलला. "नहीं भैया, थँक यू."

"अगं, किती गोड बोलत होता तो," आत्या तिच्यामागे धावत म्हणाली.

"ज्याला फुगलेल्या बॅटरीची भीती वाटत नाही ना आत्या, त्याच्या हातात मी आरोहीताईचा धवला देणार नाही."

आत्याने डबा समीक्षाच्या हातातून परत आपल्याकडे घेतला आणि मोकळ्या हाताने समीक्षाचं मनगट धरलं. लहानपणी जत्रेत धरायची तसं. फक्त आता पुढे समीक्षा चालत होती.

दुसऱ्या दुकानात गर्दी होती, त्याला वेळच नव्हता. तिसरं दुकान कुलदीपभैयांचं. छोटं, अरुंद, काचेच्या काउंटरमागे एक दिवा आणि त्याखाली कुलदीपभैया, कपाळावर भिंग चढवलेले. त्यांनी डब्यात डोकावलं आणि त्यांचा हात जिथल्या तिथे थांबला.

"इसको दबाया किसने?"

आत्याने आता दुकानातला पंखाही नीट बघून घेतला.

"भैया, पुरानी बैटरी का क्या करोगे?" समीक्षाने विचारलं.

कुलदीपभैयांनी भिंगाखालून तिच्याकडे बघितलं. मग वाकून खालून एक पत्र्याचा डबा वर काढला. अर्धा वाळूने भरलेला. "पहले इसमें. फिर महीने में एक बार कलेक्शनवाला ले जाता है. क्यों, तुम म्युनिसिपालिटी से आई हो?"

"नहीं, स्कूल से," समीक्षा म्हणाली, आणि डबा काउंटरवर ठेवला.

मग वाटाघाटी. बॅटरीचं मॉडेल तिने स्वतः ताडून बघितलं. फोनच्या खोक्यावरचा नंबर तिने निघतानाच तळहातावर लिहून आणला होता. जुळला. कुलदीपभैया म्हणाले, सेट सोडून जा, उद्या या. समीक्षा म्हणाली, आम्ही इथेच उभ्या राहणार.

"खड़े रहो. मगर मेरे सिर पे नहीं."

"ठीक है. काँच के इस तरफ."

"पासवर्ड बोलो."

"बैटरी बदलने को पासवर्ड क्यों चाहिए?"

"टेस्टिंग के लिए, मेरी माँ!"

"तो टेस्टिंग के टाइम मैं खोल के दूँगी ना."

रांगेतले एक काका हसले. कुलदीपभैयांनी हात जोडले. मग त्यांचा चेहरा जरा बदलला. "देखो बेटा, डेटा बैटरी में नहीं होता, बोर्ड में होता है. बैटरी बदलने से नहीं जाता. लेकिन इसको दबाया है. अंदर कुछ टूटा होगा तो मैं जिम्मेदार नहीं."

समीक्षाने आत्याकडे बघितलं. आत्याला हिंदी येते मोडकीतोडकी, पण हे तिला पुरतं कळलं होतं.

"भैया," आत्या म्हणाली, "उसमें हमारा गाना हाय. लडकी का लगन हाय. जरा संभालके."

फोनची पाठ गरम पट्टीवर ठेवून त्यांनी ती हळूहळू सोडवली. आतली बॅटरी बघून रांगेतले काका दोन पावलं मागे सरकले. टम्म! नुसती टम्म, पुरी तळताना फुगते तशी. कुलदीपभैयांनी धातूचं काहीच वापरलं नाही, पातळ प्लॅस्टिकची पट्टी कडेकडेने सरकवत, थांबत, पुन्हा सरकवत राहिले. समीक्षा काचेला नाक लावून बघत होती. काच तिच्या श्वासाने धूसर व्हायची, ती बाहीने पुसायची. शेवटी बॅटरी सुटली आणि अलगद वाळूत गेली. वरून आणखी वाळू.

नवी बॅटरी बसली, अजून चार्ज न केलेली. वायर जोडली. कुलदीपभैयांनी बटण दाबलं.

काही नाही.

चार्जर लावला. काही नाही. चार्जर काढून पुन्हा लावला. पडदा काळाच्या काळा.

समीक्षाच्या कानात दादाचं वाक्य वाजायला लागलं. तेव्हा तू गाणार धवला? तिला वाटलं, आपण उगाच शहाणपणा केला. दादाने अर्धा तास चार्ज केला असता तर कदाचित...

"एक मिनट," कुलदीपभैया म्हणाले. त्यांनी फोन उलटा धरून चार्जिंगच्या भोकात दिवा मारला, बारीक सुईसारखा ब्रश आत घातला आणि बाहेर काढला. ब्रशच्या टोकाला पांढरे खडे. त्यांनी पुन्हा काढले. पुन्हा पांढरे खडे. काउंटरवर छोटीशी रास झाली.

"ये क्या है? समुंदर में गिराया था?"

समीक्षाने एक खडा बोटावर घेतला. तिने चाखून बघितला नाही, पण गरजच नव्हती. तो खडा तिच्या घरात जन्मापासून तिच्या ओळखीचा.

"आत्या. फोन मिठात ठेवला होतास?"

"मागल्या हलदीत भिजला ना," आत्या पुटपुटली. "लोकं तांदलात ठेवतात. मी बोल्लं, तांदूल काय पानी ओरनार? पानी ओरावं ते मिठानं. बरनीत ठेवला दोन दिस."

"नमक में?" कुलदीपभैयांचं भिंग कपाळावरून नाकावर घसरलं. रांगेतले काका आता उघड हसत होते. मागच्या दोन मुलीही हसायला लागल्या. आत्याची मान खाली जायला लागली.

आणि समीक्षाला ते बिलकुल आवडलं नाही. फोन मिठात ठेवणं चूकच, घरी गेल्यावर ती आत्याला त्यावरून भरपूर पिडणारच होती, पण तो तिचा हक्क. ह्यांचा नाही.

"भैया, हमारा नमक का आगर था," तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "ये सब बिल्डिंगें नहीं थीं ना, तब. हमारे घर में नजर लगी तो नमक, गला बैठा तो नमक, पाँव सूजा तो नमक. फोन बीमार हुआ तो आत्या ने वही किया जो हमारे घर में सब करते हैं. फोन को सूट नहीं हुआ, बस."

कुलदीपभैया हसले, पण आता वेगळं हसले. "फोन को सूट नहीं हुआ," ते स्वतःशीच म्हणाले. कापसाच्या काडीवर स्पिरिटसारखं काहीतरी घेऊन त्यांनी ते भोक आतून पुसलं, वाळवलं, पुन्हा ब्रश, पुन्हा पुसलं. चार्जर लावला.

पडद्यावर एक छोटीशी बॅटरी उगवली. हिरवी.

समीक्षाने जी किंकाळी मारली ती शेजारच्या फरसाणवाल्यापर्यंत गेली असणार, कारण तो बाहेर येऊन बघायला लागला.

पण ती विसरली नाही. आत्या फोन घ्यायला हात पुढे करत होती, तो तिने मधेच धरला. "आधी धवला बाहेर. मग बाकी सगळं." तिने कुलूप उघडलं, रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला, आणि सगळीच्या सगळी रेकॉर्डिंगं आईच्या मोबाइलवर धाडायला लावली. पट्टी भरत होती, आणि आत्या त्या पट्टीकडे दुधावर नजर ठेवतात तशी बघत होती. पूर्ण झाली. समीक्षाने आईचा मोबाइल आत्याच्या हातात दिला.

"आता लाव."

आत्याने लावलं. दुकानात, रस्त्यावरच्या हॉर्नच्या गजबजाटात, आत्याचाच आवाज उमटला. मागे कुठेतरी नळ गळत होता, कोणीतरी भांडं आपटलं होतं, आणि त्या सगळ्यावरून आवाज चढत होता,

"मिठाच्या आगरात पिकलं गो मोती,
खारीची आरोही काशीगावा जाती..."

आत्याचे ओठ हलायला लागले. काशीगावचे चुलते आले, बरोबर जागेवर आले. थोरली जाऊ आली. आजा आला, पणजी आली. मग रेकॉर्डिंग थांबलं. अर्धा धवला, इतकाच.

आत्या तशीच उभी राहिली. डोळे मिटलेले, एक हात काउंटरवर. कुलदीपभैया बिल करायला पेन उचलत होते, त्यांनी ते तसंच हातात धरलं. आणि रेकॉर्डिंग जिथे थांबलं होतं तिथून, एक श्वासही न चुकवता, आत्या पुढे गायला लागली. मोबाइलमधला आवाज संपला आणि खरा सुरू झाला, आणि खरा किती मोठा होता!

"काशीगावच्या सासूबाई, उंबऱ्यावर या गो,
बोलकी हाय पोर आमची, ऐकून तिला घ्या गो..."

समीक्षाने आईचा मोबाइल आत्याच्या हातातून अलगद काढून घेतला, बटण दाबलं आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. एकेक कडवं येत होतं. खारीची नावं, काशीगावची नावं, आरोहीताईच्या मामांची, कौस्तुभदादाचंसुद्धा. फरसाणवाला दारात. रांगेतल्या मुली आपापले फोन खाली घेऊन उभ्या. कोणी हसत नव्हतं. समीक्षाला वाटलं, आपल्याला पंख फुटणार आता, नाहीतर शाळेचा शर्ट तरी उसवणार, इतकी छाती फुगली होती. आणि ही फुगलेली कोणी वरवंट्याने दाबणार नव्हतं.

रांगेतले ते काका तिच्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "बेटा, ये कौन हैं? कोई सिंगर हैं क्या?"

"मेरी आत्या हैं!" समीक्षाने सांगितलं. हळू सांगायचं तिला जमलंच नाही. "खारी की धवलारीण! शालनआत्या!"

आत्याने एक डोळा उघडला.

"मधी बोलू नको गो," ती सुरातच म्हणाली, "मामाचं नाव ऱ्हाईल!"

समीक्षाने तोंड घट्ट मिटलं आणि मोबाइल आणखी थोडा वर धरला.